किती पडले?

जुलैमधली गोष्ट आहे. आमच्या चाळीतला एक पोरगा इंजिनिअरिंगला लागला. बाप महापालिकेच्या सफाई खात्यात, आई दुसऱ्यांच्या घरची धुणीभांडी करते. खानदानात पहिलाच. पेढे वाटले, बाबासाहेबांच्या फोटोला हार घातला, होस्टेलच्या डिपॉझिटसाठी बापाने चार ठिकाणी हात पसरले. निघायच्या आदल्या रात्री आम्ही जिन्यात बसलो होतो. मी सांगत होतो, गादी इकडून नेऊ नको, तिथंच घे, बादलीवर नाव घाल, चार्जर सांभाळ. त्यानं सगळं ऐकून घेतलं आणि मग खाली बघत म्हणाला, "दादा, सीईटीला किती पडले असं विचारलं तर काय सांगू?"

माझं डोकं सणकलं. त्याच्यावर नाही. अठरा वर्षांचं पोर. अजून होस्टेलचं फाटक बघितलेलं नाही, आणि त्याला आधीच ठाऊक आहे की तिथं पहिल्या दिवशी आपल्याला गुरांच्या बाजारात दात बघतात तसं बघणार. मला माझ्या वेळी भीती होती आडनावाची. माझ्या बापाला भीती होती पाण्याच्या माठाची. ह्याला भीती आहे पर्सेंटाइलची. म्हणजे आपली प्रगती झाली म्हणायची!

ज्यांनी हल्ली कॉलेजचं तोंड पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी सांगतो. आता कुणी "तुझी जात काय?" असं विचारत नाही. तसं विचारणं गावंढळपणाचं, शिवाय ॲट्रॉसिटीची भीती. सभ्य घरातली पोरं 'किती पडले' विचारतात. आपल्याकडे सीईटी, आयआयटीत रँक, मेडिकलला नीटचा स्कोअर. कुठल्या कॉलेजात, कुठल्या शाखेला, कुठल्या प्रवर्गाची यादी किती मार्कांवर थांबली हे सगळं छापून जाहीर होतं. यादी जाहीर व्हायलाच पाहिजे, नाहीतर हे लोक आपल्या जागा गिळून ढेकर देतील. पण त्याच यादीचा हे असा वापर करतात. तुम्ही शाखा सांगितली, मार्क सांगितले, की समोरचा मनातल्या मनात वजाबाकी करतो. ओपन इथं थांबलं, हा तिथला, म्हणजे कोट्यातला! अर्ध्या मिनिटात निकाल. तलाठ्याला सातबारा काढायला ह्यापेक्षा जास्त वेळ लागतो. मग त्याच्या ओठाच्या कोपऱ्यात एक हसू येतं. ते हसू तुम्ही पाहिलंय. मी पाहिलंय. त्यानंतर प्रॅक्टिकलच्या बॅचमध्ये तुमच्याबरोबर कोण येत नाही, नोट्सच्या व्हॉट्सॲप ग्रुपमध्ये तुमचा नंबर का नसतो, हे कुणी सांगावं लागत नाही.

हे मी जिन्यात बसून रचलेलं नाही. पवईच्या आयआयटीत तिथल्याच एससी-एसटी सेलने २०२२ साली आपल्या पोरापोरींची पाहणी केली. भाग घेतलेल्या तिघांमागे एकाहून जास्त जणांनी सांगितलं की आम्ही कोण हे हुडकून काढायला आम्हाला रँक विचारली गेली. आणि २०२३ च्या जुलैत त्या संस्थेला कागद काढावा लागला, की दुसऱ्या विद्यार्थ्याला त्याची जेईईची रँक, गेटचा स्कोअर, प्रवेशाचा प्रवर्ग विचारणं गैर आहे. काहींना तो कागद वाचून बरं वाटलं. मला तो कबुलीजबाब वाटला. देशातली सगळ्यात हुशार म्हणून मिरवली जाणारी पोरं ही! कॅल्क्युलस पोटातून शिकून आल्यासारखी सोडवतात. पण समोरच्याची जात काढू नये, एवढी गोष्ट त्यांना नोटीस लावून शिकवावी लागते. आणि ती नोटीसही लागली कधी? एक पोरगा गेल्यावर.

दर्शन सोळंकी. अहमदाबादचा. केमिकल इंजिनिअरिंगचं पहिलं वर्ष. १२ फेब्रुवारी २०२३. पवईला येऊन त्याला जेमतेम काही महिने झाले होते. जात कळल्यावर बरोबरच्या पोरांचं वागणं बदललं, असं तो सांगायचा, असं घरचे म्हणाले. संस्थेने समिती नेमली. समितीने मार्चमध्ये सांगितलं, जातीय भेदभावाचा थेट पुरावा मिळाला नाही, अभ्यासातली घसरण हे कारण असू शकतं. पुढे पोलिसांचा तपास, एका विद्यार्थ्याला अटक, कोर्ट, ते प्रकरण आणखी निराळ्या वाटेनं गेलं. त्यात मी शिरत नाही, न्यायाधीशाची खुर्ची माझ्याकडे नाही. मी बोलतोय ते समितीच्या त्या एका वाक्याबद्दल.

पुरावा! ओठाच्या कोपऱ्यातल्या हसण्याचा पुरावा काय असतो? टेबलावरून ताट उचलून दुसरीकडे जाऊन बसणाऱ्याचा पंचनामा कोण करतं? जातीची गंमत हीच की ती करणाऱ्याला दिसत नाही आणि भोगणाऱ्याला तिच्याशिवाय दुसरं काही दिसत नाही. चौकशीला बसतात ते बहुतेक न दिसणारे. आणि 'अभ्यासातली घसरण' म्हणजे काय, आकाशातून पडलेला दगड? बारावीपर्यंत वर असलेलं पोर इथं चार महिन्यांत घसरतं, तर त्याला कुणी ढकललं का, हे विचारायचं की तो पाय घसरून पडला असं लिहून मोकळं व्हायचं? आमच्या गावाकडे विहिरीत बाई सापडली की सासरचे हेच सांगतात. पाय घसरला.

तुम्ही विचारता ना, किती पडले? मी सांगतो किती पडले. २०२३ च्या डिसेंबरात सरकारनेच लोकसभेत आकडा दिला. त्याआधीच्या पाच वर्षांत केंद्रीय विद्यापीठं, आयआयटी आणि आयआयएम मधून एससी, एसटी, ओबीसी मिळून १३,६२६ विद्यार्थी शिक्षण सोडून गेले. त्यातले आयआयटीतले एससी १,०६८, एसटी ४०८, ओबीसी २,०६६. तेरा हजार सहाशे सव्वीस! एखाद्या तालुक्याच्या गावाएवढी वस्ती. आणि सरकारचं उत्तर काय? विद्यार्थ्यांपुढे अनेक पर्याय असतात, ते एका संस्थेतून दुसरीकडे जातात. पर्याय! ज्या बापाने म्हैस विकून पोरगं आयआयटीत धाडलं, ते पोरगं पर्याय चाळत बसलं होतं! काही जण खरंच दुसरीकडे गेले असतीलही. पण बाकीचे कुठं गेले ते कुणी दारात जाऊन विचारलं का? मी दोघांना ओळखतो. एक मार्केट यार्डात हिशेब लिहितो. दुसरा कुणाशीच बोलत नाही.

आता गुणवत्तेचं पुराण ऐका. हे पुराण ऐकून ऐकून आपल्या कानाला घट्टे पडलेत. 'सरकारचे जावई', 'फुकटे', 'तुमच्यामुळे आमच्या हुशार मुलाची सीट गेली.' मी शिकलो त्या कॉलेजात स्कॉलरशिपची खिडकी निराळी होती. तिथला क्लार्क मोठ्यानं ओरडायचा, "फ्रीशिपवाले बाजूला व्हा, पैसे भरणाऱ्यांना पुढे येऊ द्या." सगळा कॉरिडॉर वळून बघायचा. तोंडी परीक्षेला बाहेरून आलेल्या मास्तरने माझं आडनाव वाचलं, ते गावावरून पडलेलं, '-कर' शेवटी असलेलं. तो घोटाळला. मग गोड आवाजात म्हणाला, "मूळचं काय?" मशीन डिझाइनची परीक्षा होती. मी म्हटलं, सर, मूळचं हेच. त्याने एकही प्रश्न विचारला नाही, 'जा' म्हणाला. पासापुरते मार्क दिले. त्या दिवशी मला शाफ्टवरचा ताण काढता येत होता की नाही, हे आजतागायत कुणाला कळलेलं नाही. ही त्यांची गुणवत्ता मोजायची पट्टी.

गुणवत्तेवर एवढं प्रेम असेल तर ते सगळीकडे दिसायला पाहिजे ना? मॅनेजमेंटच्या कोट्यात बापाच्या पाकिटावर प्रवेश मिळतो, तिथं कुणी मेणबत्त्या घेऊन उतरलं? एनआरआय कोट्यात काका दुबईला आहे म्हणून पुतण्या डॉक्टर होतो, त्याने ऑपरेशन केलं तर पेशंट दगावेल असा विनोद कुणी फॉरवर्ड केलाय? २००६ साली ओबीसींना उच्च शिक्षणात जागा द्यायचं निघालं तेव्हा दिल्लीत भावी डॉक्टर रस्त्यावर उतरले, झाडू मारले, बूट पॉलिश करायला बसले. आरक्षण आलं तर आम्हाला हेच करावं लागेल, असा त्यांचा निषेध! कॅमेरे होते, टीव्ही होता. लोक हळहळले. अरे, तुमच्या निषेधाचं नाटक म्हणजे आमच्या बापाची नोकरी आहे! आमचा बाप पहाटे पाचला जो झाडू धरतो तो धरायची वेळ तुमच्यावर येऊ शकते, ही कल्पनाच तुम्हाला देशबुडवी वाटली. त्याच्यावर ती रोज येते, त्याबद्दल तुम्ही कधी एक मेणबत्ती लावली नाहीत.

आणि २०१९ ला काय झालं? सवर्णातल्या गरिबांना १० टक्के. आयुष्यभर 'आरक्षणाने देश बुडाला' म्हणणारे एका रात्रीत दाखले काढायला तहसीलदाराच्या दारात रांगेत. गरीब कोण, तर वर्षाला ८ लाखांच्या आत कमावणारा! त्याच वर्षी एससीच्या पोराला केंद्राची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती हवी असेल तर बापाचं उत्पन्न अडीच लाखांच्या वर चालत नव्हतं. म्हणजे जोशीबुवा महिन्याला साठ हजार कमावून गरीब, आणि कांबळे एकवीस हजारांवर गेला की श्रीमंत. २०२२ च्या नोव्हेंबरात सर्वोच्च न्यायालयाने तीन विरुद्ध दोनने ह्याला मान्यताही दिली. गरीब बामणाच्या पोराला जागा मिळाली म्हणून माझ्या पोटात दुखत नाही. भूक भूक असते. पण त्या पोराला होस्टेलात कुणी 'किती पडले' विचारून हसतं का? नाही ना? मग मार्कांचा राग कधीच नव्हता. राग कशाचा होता ते सांगायला तेवढी एक गोष्ट पुरे.

हा राग कुठवर जातो पाहा. पायल तडवी. जळगावकडची, तडवी भिल्ल समाजातली. मुंबईच्या नायर रुग्णालयाच्या कॉलेजात स्त्रीरोगशास्त्र शिकत होती. २२ मे २०१९. तिची आई आबेदाबाई सांगतात, तीन सीनियर डॉक्टरणी तिला जातीवरून, आरक्षणावरून टोचायच्या, पेशंटसमोर पाणउतारा करायच्या. घरच्यांनी आधी तक्रार केली होती. तिघींवर आरोपपत्र दाखल झालं, निकाल कोर्टाचा. त्यांची नावं मी इथं घेत नाही, कारण मला त्या तिघींशी भांडायचं नाही. मला भांडायचंय त्या वॉर्डाशी, जिथं बाकीचे सगळे होते. नर्सेस होत्या, हाऊसमन होते, युनिटचे मोठे डॉक्टर होते. आदिवासी पोरगी एमबीबीएस होऊन, पुढची परीक्षा पास होऊन मुंबईत आली, आणि एवढ्या मोठ्या इमारतीत तिच्या बाजूने मोठ्यानं बोलणारा एक माणूस तिला मिळाला नाही.

त्याआधी रोहित वेमुला, हैदराबाद विद्यापीठ, १७ जानेवारी २०१६. फेलोशिप थांबवलेली, पाच जणांना होस्टेलमधून काढलेलं. विद्यापीठाच्या आवारात त्यांनी तंबू टाकला आणि नाव दिलं 'वेलिवाडा'. तेलुगूत वेलिवाडा म्हणजे गावकुसाबाहेरची वस्ती, आपला महारवाडा. विद्यापीठात महारवाडा! आणि २०२४ च्या मेमध्ये तेलंगणा पोलिसांनी फाईल बंद करायचा अहवाल दिला, की तो दलित नव्हताच. बोंब झाली तेव्हा पुन्हा तपास करू म्हणाले. जिवंत होता तेव्हा तो कोण आहे याबद्दल कुणाला शंका नव्हती. मेल्यावर त्याच्या जातीचा दाखला तपासायला निघाले. राधिकाबाई, त्याची आई, ह्या वयात पोराची जात सिद्ध करत फिरते.

ही एका कॉलेजाची, एका वर्षाची गोष्ट असती तर मी कागद खराब केला नसता. १९१८ साली कोलंबिया विद्यापीठातून शिकून आलेला एक तरुण मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात प्रोफेसर झाला, तर स्टाफरूममधलं पाण्याचं भांडं त्याने शिवू नये म्हणून बरोबरचे काही प्राध्यापक कुरकुरले. त्या तरुणाचं नाव सांगायला नको. मधे जवळजवळ नव्वद वर्षं गेली, त्यानेच लिहिलेली घटना आली. २००६ साली दिल्लीच्या एम्समध्ये तक्रारी वाढल्या म्हणून सुखदेव थोरातांची समिती नेमावी लागली. तिच्या २००७ च्या अहवालात काय, तर आपल्या पोरांना होस्टेलात एवढं हैराण केलं जातं की ती खोल्या सोडतात आणि शेवटी सगळी एकाच बाजूला येऊन राहतात. डॉक्टरांच्या होस्टेलातही वेलिवाडा. आणि २०२३ साली पवईच्या मेसमध्ये काय झालं? 'इथं फक्त शाकाहारींनी बसावं' असे कागद चिकटले. मग काही टेबलं रीतसर राखून ठेवली. ज्यांनी त्या टेबलावर बसून निषेध केला त्यांच्यातल्या एकाला १०,००० रुपये दंड! स्टाफरूमचं भांडं आणि हे टेबल, मला तरी दोन निराळ्या वस्तू वाटत नाहीत. कुणी म्हणेल, वासाचा प्रश्न आहे, जातीचा नाही. असेल बुवा. पण ह्या देशात कुणाच्या ताटाला वास येतो हे ताट उघडायच्या आधीच ठरलेलं असतं.

कायदा नाही का? आहे की! २०१२ सालीच यूजीसीने नियम केले. प्रत्येक संस्थेत समान संधी कक्ष पाहिजे, भेदभावविरोधी अधिकारी पाहिजे. वर्गात 'राखीववाला' म्हणून शिक्का मारणं, अभ्यासात मागे पडलास कारण तुझी जातच तशी असं सुनावणं, मेसमध्ये वेगळं पाडणं, हा सगळा भेदभाव आहे, असं त्यात लिहिलंय. दोस्तहो, तुमच्यापैकी कितीजणांनी तो अधिकारी पाहिलाय? त्याची खोली कुठं आहे? बहुतेक ठिकाणी तो वेबसाइटवर राहतो. राधिकाबाई आणि आबेदाबाई, दोन आया, ह्याच नियमांची अंमलबजावणी करा म्हणून २०१९ साली सर्वोच्च न्यायालयात गेल्या. पोरं गमावलेल्या बायांनी सरकारला सरकारचाच कागद वाचून दाखवायचा! त्या रेट्यातून १३ जानेवारी २०२६ रोजी यूजीसीने नवे, जरा दात असलेले नियम काढले. ओबीसींनाही त्यात घेतलं. झालं! तीन आठवडेही टिकू दिले नाहीत. गल्लोगल्ली बोंब, आमच्या मुलांवर खोट्या तक्रारी होतील, आम्ही जन्माने गुन्हेगार ठरू. २९ जानेवारीला सर्वोच्च न्यायालयाने स्थगिती दिली आणि तोवर २०१२ चेच नियम चालू ठेवले.

खोट्या तक्रारीची भीती! अजून एकही तक्रार झालेली नाही, नियमाची शाई ओली आहे, आणि ह्यांना आधीच घाम फुटला. ज्याने कुणाची जात काढलेली नाही त्याला घाम का फुटावा? जन्मावरून दोषी ठरण्याची चव दोन आठवडे नुसती कल्पनेत चाखली तर एवढी कडू लागली. आम्ही ती किती वर्षं गिळतोय याचा हिशेब जरा त्याच कल्पनेने करा.

आणि हेच लोक परदेशी गेले की काय होतं? डब्याच्या वासाला गोऱ्याने नाक मुरडलं की हे वंशवादाचे बळी! बरोबर आहे, आहेतच. गोऱ्याचं नाक मुरडणं हा वंशवादच. पण २००१ साली डर्बनला वंशवादाविरुद्ध जागतिक परिषद भरली, आपले लोक तिथं जातीचं गाऱ्हाणं घेऊन गेले, तेव्हा भारत सरकारने काय म्हटलं? जात म्हणजे वंश नव्हे, हा विषय इथं नको. म्हणजे तुमचा अपमान जगाचा प्रश्न आणि आमचा अपमान घरगुती मामला! २०२२ साली कॅलिफोर्निया स्टेट युनिव्हर्सिटीने आपल्या भेदभावविरोधी धोरणात जात हा शब्द घातला. पाठोपाठ राज्याचा कायदा होऊ घातला तर तिकडच्या आपल्याच सुशिक्षितांच्या संघटना आडव्या पडल्या आणि ७ ऑक्टोबर २०२३ ला गव्हर्नरने तो नाकारला. सध्याच्या कायद्यात सगळं येतं म्हणे. पासपोर्टावर शिक्का मारून घेतला, सामानाचं वजन केलं, पण ही एक वस्तू कुठल्याच विमानतळावर कुणी उघडून पाहिली नाही. ओकलंडच्या काळ्या पोरांनी १९६६ ला पँथर काढली, त्यावरून मुंबईत १९७२ ला आपण नाव घेतलं, ते काही गंमत म्हणून नव्हे. त्यांची कातडी आणि आपलं आडनाव एकाच कामाला येतं, एवढं तेव्हाच्या पोरांना कळत होतं.

पण थांबा. दुसऱ्यावर दगड टाकताना आपल्या काचा बघू. २०१४ साली निडो तानिया हा अरुणाचलचा विद्यार्थी दिल्लीत केसांवरून, चेहऱ्यावरून चिडवला गेला, मार खाल्ला आणि मेला. तेव्हा आपण निषेधाच्या सभा घेतल्या. त्याच आठवड्यात आपल्याच एका कार्यकर्त्याच्या तोंडून मणिपूरच्या मुलीबद्दल 'चिंकी' हा शब्द मी ऐकलाय. आफ्रिकेतून शिकायला आलेल्या पोराला बघून रिक्षात नाक धरणारेही आपलेच. आणि होस्टेलात मातंगाच्या पोराला, मेहतराच्या पोराला आपण काय वागवतो? जयंतीची वर्गणी मागताना तो आपला, रूम पार्टनर निवडताना 'जरा बघू'. बाबासाहेबांनी १९४६ ला सिद्धार्थ कॉलेज काढलं, १९५० ला औरंगाबादला मिलिंद काढलं, ते काय आपल्याला एक पायरी वर चढून खालच्याला लाथ मारता यावी म्हणून?

आणि ते आपले मोठे साहेब! तेरा हजारांतून टिकले, शिकले, बंगल्यात गेले, दारावरची नावाची पाटी बदलली. पोर मेलं की स्टेटस ठेवतात, निळ्या चौकटीत. आधी फोन केला असता तर? होस्टेलात एकट्या पडलेल्या पोराला रविवारी जेवायला बोलावलं असतं तर? पुढाऱ्यांबद्दल तर बोलायलाच नको. ते प्रेताच्या गाडीआधी पोचतात आणि फोटो झाला की गाडीआधी निघतात.

जिन्यातल्या पोराकडे परत येतो. मी त्याला काय सांगितलं? भाषणात असतो तर म्हटलं असतं, छाती ठोकून सांग, मी कोण आहे ते सांग. पण मार मी खाणार नव्हतो, तो खाणार होता. म्हणून मी म्हटलं, सांगायचं की नाही ते तू ठरव, पण लाजू नको. मग दोघांनी बसून यूजीसीच्या २०१२ च्या नियमांची प्रिंट काढली, त्याच्या बॅगेत घातली. त्या कॉलेजातले आपले दोन सीनियर हुडकले, एक लातूरचा, एक भांडुपची पोरगी. त्यांचे नंबर दिले. काहीही झालं तर तारीख, वेळ, कोण होतं, काय बोललं, हे त्याच रात्री वहीत लिहायचं, फोनमध्ये नाही, वहीत. दर रविवारी मला फोन करायचा. मार्क कमी पडले तरी करायचा. कमी पडले तर आधी करायचा.

दुसऱ्या आठवड्यात फोन आला.

"दादा, विचारलं."

"मग?"

"मी म्हटलं, आधी तुझे सांग. सांगेना. मग दुसऱ्यानं सांगितलं, तो मॅनेजमेंटमधून आलाय."

आम्ही दोघं खूप हसलो. मग तो जरा वेळ गप्प राहिला आणि म्हणाला, "तेव्हापासून मेसमध्ये माझ्याबरोबर कुणी बसत नाही. लिहून ठेवलंय. तारखेसकट."

मी लगेच लातूरच्या सीनियरला फोन लावला. ह्या रविवारी आम्ही तिघं तिथल्या मेसमध्ये जेवायला जातोय. त्या पट्ट्यातल्या कॉलेजात आपली कोण पोरं असतील त्यांनी यावं. डबा आणायची गरज नाही, पाहुण्यांचं कूपन ७० रुपयांना मिळतं.